दोंगमेईची तुळई

दार

दारावर तीनदा टकटक झाली आणि शुईगन बसल्या जागेवरून म्हणाला, "येनपिंग आलाय. आणि काहीतरी वाईट घेऊन आलाय."

अंगणात शेंगा सोलत बसलेल्या दोंगमेईने मान वर केली नाही. "एवढं बोटांवरून कळलं होय?"

"चांगली बातमी आणणारा इतक्या हळू वाजवत नाही."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिला याची सवय झाली होती. शुईगन लाय दिसेल ते वाजवून बघे. कलिंगड, रांजण, दुसऱ्याच्या घरातले टेबल, एकदा तर नातवाचे डोके. घरामागच्या पडवीत तो चाळीस वर्षे सात तारांची 'छिन' नावाची वाद्ये बनवत आला होता. वर देवदाराची कोरून पोकळ केलेली फळी, खाली दुसरी कठीण लाकडाची, आणि दोन्हींच्या मध्ये कोंडलेला अंधार. सगळा सूर त्या अंधारातच असतो असे तो म्हणे. असल्या माणसाचे मधले बोट स्वस्थ कसे बसणार?

येनपिंग त्याचा चुलत पुतण्या. गावच्या समितीत होता, त्यामुळे वरून आलेले कागद घरोघर नेऊन वाचून दाखवणे त्याच्याच नशिबी.

"काका, काकू, जेवलात?"

"जेवलो. बोल."

त्याने कागद वाचला. यापुढे कुणालाही मातीत पुरायचे नाही, सगळ्यांचे दहनच होणार, मातीत जाईल ती फक्त राखेची लहान पेटी. घराघरात तयार करून ठेवलेल्या शवपेट्या वीस तारखेच्या आत भात वाळवायच्या खळ्यावर आणून द्यायच्या. तिथे यंत्र येईल आणि त्या मोडेल.

वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली. "माझ्या आईची मी पहिली दिली, काकू. नाहीतर लोक माझ्या तोंडावर थुंकले असते."

"आई काय म्हणाली?"

"बोलत नाही माझ्याशी."

"शहाणी आहे."

तो जायला निघाला, उंबऱ्यापाशी थांबला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "पेटी दिसली तर मला उचलावी लागणार. आता फळ्या दिसल्या, तर त्याचं मला काय? तुमच्या घरात फळ्या काही नवीन नाहीत."

दोंगमेईचा अंगठा शेंगेवर थांबला. शुईगनने ते पाहिले.

झाकण

बाजूच्या खोलीत लाकडी बाकांवर दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. त्यांना गावात कुणी शवपेटी म्हणत नाही, 'जुनं घर' म्हणतात. साठीच्या आसपास माणूस ते करून घेतो, मग निर्धास्तपणे आणखी वीस वर्षे जगतो. शुईगनच्या पेटीत बियाणाचे भात होते. दोंगमेईच्या पेटीत हिवाळ्याच्या रजया आणि त्यांच्यावर तिचे शेवटचे कपडे, कापडी जोडे आणि चहाच्या फोलपटांनी भरलेली एक उशी.

दर वर्षी आलुबुखार पिकतात त्या दमट दिवसांत, छिनवर चढवून उरलेले रोगण तो या पेट्यांवर चढवी. असे अकरा थर झाले होते. झाकणात तोंड दिसे. दोंगमेई कधीकधी तिथेच केस विंचरी.

लग्न ठरले तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती. ती सात वर्षांची असताना दुष्काळात तिची आई गेली. घरात फळी म्हणून उरली नव्हती, दारसुद्धा चुलीत गेले होते. आईला बोरूच्या चटईत गुंडाळून डोंगरावर नेले. चटई आखूड होती. वाटभर आईचे पाय बाहेर दिसत होते आणि पोरगी त्या पायांमागून चालत होती. "मला दागिना नको, काही नको," तिने शुईगनला सांगितले होते. "पाय आत मावतील एवढं लाकूड दे."

त्याने दिले. आणि साधेसुधे नाही, लाय कुळाच्या कुळघराच्या तुळईचे. दोनशे वर्षे पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांच्या वर आडवी राहिलेली, उदबत्त्यांचा धूर पिऊन चहाच्या रंगाची झालेली देवदाराची तुळई. ओढ्यावर कपडे धुताना दोंगमेई हे इतर बायकांना सांगे. मुद्दाम नाही, पण विषय फिरवून फिरवून तिथे आणी.

ते खरे नव्हते. गावात हे फक्त शुईगनला माहीत होते.

तुळई

अकरा वर्षांपूर्वी कुळघर पाडून सिमेंटचे बांधले, तेव्हा पूर्वजांच्या सगळ्या पाट्यांना नव्याने रोगण देण्याचे काम शुईगनने अंगावर घेतले. मोबदल्यात त्याने ती तुळई मागितली. पाट्या होत्या तीनशेच्या वर. दोंगमेई सोबत राबली. रोगणाच्या झाडाचा कच्चा चीक प्रत्येकाला सोसत नाही. तिचे हात वाफवलेल्या पावासारखे सुजले, तोंड ओळखू येईना. दोन महिने तिला जेवायच्या काठ्या धरता येत नव्हत्या, तो तिला भरवत होता. त्या दिवसांत ती अंगणात आणून टाकलेल्या तुळईवर बसून राही. हातांनी काही करता येत नसल्यामुळे टाचेने लाकडावर ठोके देई. ठक, ठक, दिवसभर.

मग मुलाच्या घरी बाळ होणार म्हणून ती दक्षिणेला गेली. जाताना म्हणाली, "येईपर्यंत दोन्ही घरं करून ठेव."

शुईगनने तुळई करवतीखाली घेतली. पहिली फळी कापून निघाली, ती त्याने दोन बोटांत लटकती धरली आणि वाजवली.

तो खाली बसला.

इतक्या वर्षांत असे लाकूड त्याच्या हाताला लागले नव्हते. आवाज फळीतून निघून फळीतच थांबत नव्हता. तो भिंतीपर्यंत जात होता, परत येत होता आणि बोट उचलल्यावरही कुठेतरी चालू राहत होता. छिन करणारे लोक असल्या लाकडासाठी पडकी देवळे धुंडाळतात, मोडक्या होड्या उलथ्या करतात, कित्येक तर शेकडो वर्षांच्या उकरलेल्या शवपेट्यांची फळीही घेतात. मेलेल्यांकडून ते लाकूड परत आणतात. आणि हे लाकूड त्याने आपल्या हाताने मातीत घालायचे?

तीन दिवस त्याने विचार केला. म्हणजे विचार असा नाही. तीन दिवस तो फळी वाजवत बसला. चौथ्या दिवशी डोंगराच्या उतारावरचे ताजे देवदार विकत आणून त्याच्या दोन पेट्या केल्या. दोंगमेई परत येईपर्यंत पहिला काळा थर वाळला होता.

ती पेटीत उतरली, आडवी झाली, पाय लांब केले. "पुरतात," म्हणाली. मग डोळे मिटून थोडा वेळ तशीच पडून राहिली. तिच्या तोंडावर जे समाधान होते ते शुईगनला बघवेना. तो रोगणाचे भांडे झाकायला उठला.

तुळईतून पुढे सहा छिन झाली. दोंगमेई विचारी तेव्हा तो म्हणे, पेट्या करून उरलेले तुकडे आहेत. एकदा ती हसून म्हणालीही, "तुझी ती तुळई तोडावी तेवढी वाढते की काय?"

आता एकच फळी उरली होती. सर्वांत चांगली. ती त्याने भाताच्या कणगीमागे ठेवली होती, आपल्या शेवटच्या छिनसाठी.

भोपळा

"म्हाताऱ्या," रात्रीच्या जेवणाला बसताना दोंगमेई म्हणाली, "माझं घर तू मोड."

शुईगनने चुलीशेजारचा भोपळा वाजवला. अजून कच्चा होता.

"ऐकतोयस ना? यंत्राखाली जाण्यापेक्षा तुझ्या हाताने मोड. तूच म्हणतोस ना, चांगलं लाकूड शंभर वर्षं बोलत राहतं. मग त्याचं एक छिन कर. आणि उरेल त्याची एक लहान पेटी. जाळणार तर जाळू देत. पण राख ठेवायला कुणी अडवत नाही ना? त्या तुळईच्या लाकडात राहिले म्हणजे झालं. राखेला पाय नसतात."

"रोगण जाड आहे," तो म्हणाला. "फळ्या चिरतील."

"तू रोगण काढताना कधी फळी चिरलीस?"

"सांधे घट्ट बसलेत."

"सांधे तूच बसवलेस."

"यंत्राला देऊन टाकू. कशाला येनपिंगला अडचणीत आणायचं?"

दोंगमेईने काठ्या खाली ठेवल्या. "पुरात वाहून आलेलं खुराड्याचं दार ओढायला तू गळ्याएवढ्या पाण्यात उतरला होतास. आणि आता दोनशे वर्षांची तुळई यंत्राला देऊन टाकू म्हणतोस? ताप आहे का तुला?"

तिने खरोखरच हात पुढे करून त्याच्या कपाळाला लावला. हात खरखरीत होता. त्या वर्षीच्या रोगणाने बोटांची कातडी गेली ती पुन्हा मऊ झाली नव्हती.

फळी

बाजाराच्या दिवशी ती मुळे विकायला गेली आणि घरात शुईगन एकटा राहिला.

त्याच्यापुढे सोपी वाट होती. कणगीमागची फळी काढायची, तिच्या एका अंगाला काळे रोगण फासायचे आणि म्हणायचे, ही बघ, तुझ्या घराची. बाकीच्या फळ्या चहाच्या पाण्याने रंगवायच्या. तो या कामात चाळीस वर्षे मुरलेला. नव्या लाकडाला जुने दाखवण्याच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ होत्या. त्याने त्या कधी गिऱ्हाईकावर वापरल्या नव्हत्या, एवढेच.

त्याने तिच्या पेटीतून रजया बाहेर काढल्या. कपडे, जोडे, उशी. उशी हाताला जाड लागली म्हणून त्याने पाहिले, तर एक नव्हती, दोन होत्या, एकाच अभ्र्यात. दुसरी आखूड आणि टणक. त्याला मऊ उशी चालत नाही.

शुईगनने ती बाजूला ठेवली. कोपऱ्यावर रंधा लावला. काळे पापुद्रे निघत गेले, अकरा वर्षांचे अकरा थर. त्यांच्याखाली लाकूड उघडे पडले, तांदळाच्या पिठासारखे पांढुरके.

सवयीने त्याने वाजवून पाहिले. वाईट नव्हते. अकरा वर्षे चुलीच्या भिंतीला लागून वाळले होते. पण ते नव्हते.

तो शेजारी चहाचे पाणी आणि फडके घेऊन बसून राहिला. चहा निवला. फडके कोरडेच राहिले. उन्हे दारातून आत आली आणि पेटीवर चढली, तेव्हा अंगणात टोपली ठेवल्याचा आवाज झाला.

"उघडलंस होय शेवटी," दोंगमेई दारात उभी राहून म्हणाली. "मुळे सगळे गेले. आतून कसं आहे लाकूड?"

या प्रश्नाला द्यायची चार उत्तरे त्याने जुळवून ठेवली होती.

"हे ते लाकूड नाही," तो म्हणाला.

दोंगमेई आत आली. पांढुरक्या कोपऱ्याकडे तिने पाहिले नाही. पायातला जोडा काढला, बाकावर बसली आणि पेटीच्या फळीवर टाचेने ठोका दिला. ठक. पुन्हा एकदा. मग वाकून जोडा पायात घातला.

"नाही," ती म्हणाली. "हे ते नाही."

(पुढचे दोन दिवस घरात काहीच वाजले नाही.)

ती स्वयंपाक करी, त्याचे ताट वाढून ठेवी आणि अंगणात जाऊन जेवी. शुईगनने पडवीतले काम बंद ठेवले. एकदा त्याचे बोट सवयीने पाण्याच्या हंड्याकडे गेले, ते त्याने मुठीत धरले.

ताट

तिसऱ्या दिवशी तिने ताट त्याच्यापुढे ठेवले आणि समोर बसली.

"कुठं आहे ती?"

"कोण?"

"माझी तुळई."

"सहा छिन झाली."

"कुणाकडे?"

"एक श्यामेनला. दातांचा डॉक्टर आहे."

"वाजवतो?"

"बरं वाजवतो. एक डोंगरावरच्या मठात, जोगिणींकडे. एक चंगडूला, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे. एक शहरातल्या एका मुलीकडे, ती परदेशी गेली."

"मीही गेले म्हणायची परदेशी. पाचवं?"

"घेणाऱ्याने भिंतीवर टांगून ठेवलंय. येता जाता पाहुण्यांना दाखवतो."

"शोभेला. आणि सहावं?"

"ज्याने घेतलं त्याच्या घराला आग लागली. त्यात गेलं."

दोंगमेईने बोटाने ताटाची कड पुसली. "म्हणजे एक राख आधीच झाली."

शुईगनने मान खाली घातली. "मी ती फळी वाजवली, दोंगमेई. तू ऐकली असतीस तर... मातीत घालवेना मला."

"मला घालवलं असतं."

शुईगनने वर पाहिले.

"नाही, विचारते आहे. मला मातीत घालायला तुझा हात अडणार नव्हता. लाकूड घालताना अडला." तिचा आवाज चढला नव्हता. मुळ्यांचा भाव सांगावा तसे ती बोलत होती. "आणि मी अकरा वर्षं त्या झाकणात बघून केस विंचरले. त्या ओढ्यावरच्या बायका मनात काय म्हणत असतील?"

"त्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत नव्हतं, ते पुरेसं नाही?" ती उठली. जाता जाता तिने त्याच्या ताटात लोणच्याची मिरची टाकली. त्याला ती आवडत असे. म्हणून टाकली की सवयीने, हे त्याला कळले नाही, आणि विचारायचे धाडस झाले नाही.

खळे

वीस तारखेला खळ्यावर एकोणतीस पेट्या ओळीने ठेवल्या होत्या. शुईगनची बियाणे काढून रिकामी केलेली पेटी त्यांत होती. दोंगमेईची आदल्या दिवशीच मोडून झाली होती. तिच्या फळ्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या होत्या. येनपिंग आला, फळ्यांकडे बघून "फळ्या," असे म्हणाला आणि निघून गेला.

यंत्राचा लोखंडी पंजा एकेका झाकणावर पडत होता. म्हातारी माणसे कडेला उभी होती. कुणी रडत नव्हते. एका म्हाताऱ्याने आपल्या पेटीतून सुक्या रताळ्यांची पिशवी काढायची राहिली म्हणून यंत्र थांबवले, पिशवी काढली आणि यंत्रवाल्याला मूठभर रताळी दिली.

शुईगनची पेटी फुटली तेव्हा आवाज साधा, कोरडा आला. आतले लाकूड पांढुरके दिसले. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीने मान लांब करून पाहिले.

"अगं दोंगमेई, ही तर ताज्या लाकडाची दिसते. तुमच्या पेट्या कुळघराच्या तुळईच्या ना?"

शुईगनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो बोलायला तोंड उघडणार, तोच दोंगमेई म्हणाली, "तुळई एका पेटीपुरतीच होती. ती माझी. ह्यांची साधीच."

"आणि तुझी कुठंय?"

"मोडली. ह्यांना कापायला दिलीय."

म्हातारी म्हणाली, "नशीबवान आहेस बाई."

"आहे खरी," दोंगमेई म्हणाली. घरापर्यंतच्या सगळ्या वाटेने ती त्याच्या दोन पावले पुढे चालली. मागे वळून तिने पाहिले नाही.

करवत

घरी आल्यावर तिने पडवी झाडली. बाक पुसले. मग भाताच्या कणगीमागे हात घालून ती फळी बाहेर काढली. ती तिला ठाऊक होती की आता शोधली, हे शुईगनने विचारले नाही. तिने फळी बाकावर आडवी ठेवली. चहाचा रंग, कडेला जुन्या खिळ्यांची तीन भोके. खिशातून गाठी मारलेला दोरा काढून तिने फळीवर अंथरला. एक गाठ लांबीची, एक रुंदीची, एक उंचीची. येनपिंगकडून राखेच्या पेटीचे माप तिने केव्हाच विचारून घेतले होते.

"उभी चिरून दोन पातळ फळ्या काढ, मग आडवी काप," ती म्हणाली. "एकच होईल."

"एकच," तो म्हणाला.

"ती माझी. तुझी तू त्या पांढऱ्या लाकडाची कर. त्याचं उरेल त्यातून छिन कर, नाहीतर कोंबड्यांना खुराडं कर. मला विचारू नकोस."

शुईगनने फळीवर तळहात ठेवला. चाळीस वर्षांत त्याने अनेकांना छिन करून दिली होती. स्वतःसाठी एकही केले नव्हते. ही फळी त्या एकाची होती. रात्री झोप येईना तेव्हा तो त्याच्या पोकळीची खोली मनातल्या मनात ठरवत असे. कुठे जाड, कुठे पातळ, गळ्यापाशी किती, सगळे ठरले होते. कापली की ती नुसती पेटी. आणि ती पेटी आज ना उद्या मातीत जाणार.

"जमिनीत जाईल ती," तो म्हणाला. मुलासारखा आवाज झाला होता त्याचा.

"हो. जाईल."

त्याने दोऱ्याच्या गाठींवर खुणा केल्या. तिसरी खूण वाकडी आली, ती पुसून पुन्हा केली. करवत उचलली, दाते बोटाने तपासले, पुन्हा खाली ठेवली.

दोंगमेईने फळीचे पलीकडचे टोक धरायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. तिने फळी उचलली, दोन खरखरीत बोटांत टांगती धरली आणि त्याच्यापुढे केली.

"वाजव."

त्याने तिच्याकडे पाहिले.

"वाजव एकदा. मीही नीट ऐकते."

शुईगनने मधले बोट वाकवले आणि फळीच्या बरोबर मध्यावर टकटक केली. आवाज पडवीच्या भिंतीला जाऊन भिडला, परत आला आणि चुलीकडे, मग अंगणातल्या पांढुरक्या फळ्यांकडे गेला. दोंगमेई मान कलती करून उभी होती. आवाज कुठे संपला ते दोघांनाही सांगता आले नसते.

मग तिने फळी बाकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचे टोक घट्ट दाबून धरले.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग काप आता."